वाटसरूचे धन आणि गावाची शीव

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण आणि संगमेश्वर या दोन जुन्या पेठांच्या दरम्यान सावर्डे हे गाव वसलेले आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग या गावावरून जातो, आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेमुळे सावर्ड्यास स्वतःचे स्टेशनही लाभले आहे. गणपतीच्या व शिमग्याच्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी येथे उतरतात. जवळच डेरवणची शिवसृष्टी पाहावयास येणारे निराळेच. वाटेवरच्या गावाच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे असतात, गावात राहणारी व गावावरून जाणारी. राहणाऱ्यांची नावे वतनपत्रांत व सारावसुलीच्या दप्तरांत सापडतात. जाणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच उरत नाहीत. ती उरतात फक्त तेव्हा, जेव्हा वाटेत त्यांचे काही चोरीस जाते आणि कोणी तरी त्याची दाद मागतो. वाटसरूच्या धनाचा इतिहास हा एका अर्थी अशा दादफिर्यादींचाच इतिहास होय. त्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : परक्या मुलखात परक्या माणसाचा माल गेला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची?

जुन्या काळचा प्रवासी या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून घराबाहेर पडत नसे, हे खरे. तो प्रथम सोबत पाही. यात्रेकरूंचा मेळा, लमाणांचा तांडा किंवा एखाद्या सरदाराचा लवाजमा त्या वाटेने निघणार असला म्हणजे आठ आठ दिवस थांबूनही तो त्यांच्याबरोबर निघे. रोकड थोडी असली तर ती कशात घालून कमरेस बांधी. मोठी असली तर सावकाराकडे भरून हुंडी घेई, कारण चोरास कागदाचा उपयोग नाही व सावकारास त्याची ओळख आहे. हे सर्व शहाणपण आजच्या प्रवासी मार्गदर्शिकांतही शब्द बदलून सापडते : एकटे फिरू नये, अंगावर दागिने घालू नयेत, पैसा जवळ बाळगू नये. परंतु हा सारा उपदेश चोरी होण्यापूर्वीचा आहे. चोरी झाल्यानंतर काय, याचे उत्तर प्रवाशाच्या शहाणपणात सापडत नाही. ते ज्या भूमीवरून तो जात असतो तिच्या कायद्यात शोधावे लागते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी हे उत्तर आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्टपणे दिलेले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की, गावाच्या हद्दीत चोरी झाली आणि चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर दोष गावाच्या मुख्याचा. कुरणाच्या जागी चोरी झाली तर कुरणाच्या अधिकाऱ्याचा; कुरणही नसलेल्या वाटेवर झाली तर चोर पकडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा. माग ज्या गावात शिरला त्या गावाने द्यावे. आणि गावापासून कोसापलीकडे प्रकार घडला असेल तर आसपासच्या पाच गावांनी किंवा दहा गावांनी मिळून द्यावे. चोरीस गेलेले धन राजाने प्रजाजनास दिलेच पाहिजे, असेही ही स्मृती बजावते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही व्यापाऱ्यांच्या तांड्याविषयी याच धर्तीची व्यवस्था सांगितली आहे. या नियमांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मोकळ्या भूमीचा एकही तुकडा त्यांनी बेवारशी ठेवलेला नाही. गाव, कुरण, रान, वाट या प्रत्येकाला उत्तर देणारा कोणी तरी नेमून दिलेला आहे.

ग्रंथातील नियम व्यवहारात उतरले होते काय, अशी शंका येणे साहजिक आहे. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो प्रसिद्ध अहवाल सादर केला, त्यात देशावरील गावांच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे, आणि ते वाचताना स्मृतीचे जुने नियम जिवंत माणसांच्या रूपाने पुढे उभे राहतात. गावच्या रक्षणाची जोखीम पाटलाची. त्याच्या हाताखाली गावचा महार, आणि पुष्कळ ठिकाणी रामोशी किंवा भिल्ल जागले. रात्री गस्त घालणे, गावात आलागेला कोण याची खबर ठेवणे, आणि चोरी झाल्यास चोराच्या पावलांचा माग काढणे हे जागल्याचे काम. तो माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन केला म्हणजे पहिले गाव मोकळे. शिवेच्या आत माग हरवला तर मात्र जागल्याने व त्याच्यामागून गावाने गेलेल्या मालाची भरपाई करावयाची. माग उचलणे ही त्या काळची एक विद्याच होती. धुळीतील पावलाची काठीने मापे घेत जागले कोसच्या कोस चोराच्या मागे जात.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच होता असे मात्र नाही. इंग्लंडात १२८५ च्या विंचेस्टर येथील कायद्याने नेमकी हीच जोखीम तेथील परगण्यांवर टाकली होती. वाटमारी झाली व दरोडेखोर सापडले नाहीत, तर त्या परगण्याच्या रहिवाशांनी भरपाई करावी. शिवाय दरोडेखोरांस लपावयास जागा राहू नये म्हणून राजरस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडीझुडपे दोनशे फुटांपर्यंत तोडून ठेवावी. हजारो कोस दूर असलेल्या दोन समाजांनी एकमेकांस न विचारता एकच तोड काढली, याचे कारण उघड आहे. वाटसरूची चोरी गावकऱ्यांच्या डोळ्यांआड क्वचितच घडते. चोर कोण, तो रात्री कोठे निजतो, माल कोणाच्या घरी उतरतो, हे गावात कोणास तरी ठाऊक असतेच. प्रश्न इतकाच की, ज्यास ठाऊक आहे त्याने बोलावे कशासाठी? भरपाईची झळ आपल्याच घरास लागणार म्हटले म्हणजे माणसे बोलू लागतात.

या व्यवस्थेचे दोषही लपविण्याजोगे नाहीत. जोखीम सर्व गावाची असली तरी तिचा पहिला भार गावातील सर्वांत दरिद्री माणसावर, म्हणजे जागल्यावर पडे. हक्क थोडे आणि दंड मोठा अशी त्याची स्थिती असे. जबरदस्त जहागीरदाराच्या गावात माग शिरला तर तो पुढे नेण्याची छाती कोण करणार? आणि सर्वांत मोठी उणीव ही की, ही सारी व्यवस्था शिवेवर उभी होती. जेथे दोन सत्तांची शीव एकमेकींस छेदून जाई, तेथे ती डळमळीत होई. कोकणात तर असा छेद पावलोपावली होता. खाडीचे तोंड एकाचे, खाडीवरचा किल्ला दुसऱ्याचा, घाट तिसऱ्याचा व घाटमाथा चौथ्याचा, अशी अठराव्या शतकाच्या आरंभीची कोकणची स्थिती होती.

सावर्ड्याच्या उत्तरेस, चिपळुणाजवळच्या डोंगरावर असलेल्या परशुराम क्षेत्राने या स्थितीचे कडू फळ १७२७ मध्ये चाखले. त्या वेळी वाशिष्ठी नदीवरील गोवळकोट आणि तिच्या मुखाशी असलेली अंजनवेल ही दोन्ही ठाणी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होती व सिद्दी सात हा तेथील अंमलदार होता. परशुरामास राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी यांचा लौकिक मराठ्यांच्या राज्यात तसा सिद्दीच्या मुलखातही होता. सावनूरच्या नबाबाकडून सिद्दी सातासाठी एक हत्ती कोकणात यावयाचा होता आणि त्या कामात स्वामींचे अंग होते. वाटेत आंग्र्यांच्या लोकांनी तो हत्ती अडकवून नेला. आपला माल वाटेत गेला, तेव्हा ज्याच्या हस्ते तो येत होता त्यानेच दगा केला, असा सिद्दी साताने ग्रह करून घेतला आणि महाशिवरात्रीच्या पर्वणीस परशुराम क्षेत्रावर हल्ला करून देवस्थान लुटले. यात्रेस आलेल्या निरपराध माणसांचा त्या हत्तीशी काय संबंध? पण भरपाई कोणाकडे मागावयाची याचा सर्वमान्य नियम नाहीसा झाला म्हणजे जो हाती सापडेल त्याच्याकडून ती उकळली जाते. ब्रह्मेंद्रस्वामी पुढे परशुराम सोडून साताऱ्याजवळ धावडशीस जाऊन राहिले. सिद्दी सात १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत पडला. आणि १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्याने अंजनवेल घेतली, तेव्हा कोठे वाशिष्ठीच्या मुखावरील सिद्दीचा अंमल संपला.

जमिनीवर निदान शीव आखता येते. समुद्रावर ती कोण आखणार? येथे परशुरामच्या घटनेपूर्वी बत्तीस वर्षांचा एक प्रसंग लक्षात आणण्याजोगा आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचे गंज-इ-सवाई नावाचे मोठे जहाज मक्केच्या यात्रेकरूंस घेऊन सुरतेकडे परत येत असता हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठून लुटले आणि त्यावरील उतारूंचा अनन्वित छळ केला. एव्हरी तेथून निसटला व पुढील वर्षी वेस्ट इंडीजकडील बहामा बेटांत जाऊन पोहोचला. तेथल्या गव्हर्नरास लाच देऊन त्याने व त्याच्या सोबत्यांनी काही काळ आसरा मिळविला. त्याचे काही साथीदार इंग्लंडात फासावर चढले, परंतु एव्हरी कोणाच्याच हाती लागला नाही.

चोर सापडत नाही असे दिसल्यावर मोगल दरबाराने काय केले? त्याने सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस अटकेत ठेवले आणि भरपाईची मागणी केली. चोर तुमच्या जातीचा आहे, समुद्रावर तुमची जहाजे बलिष्ठ आहेत, तेव्हा समुद्राचे जागले तुम्हीच, असा त्या मागणीचा मथितार्थ. वखारवाले वारंवार सांगत होते की, चाच्यांशी आमचा काही संबंध नाही. आणि ते खोटे नव्हते. तरीही शेवटी यात्रेकरूंच्या जहाजांबरोबर आपली लढाऊ गलबते राखणीस देण्याचे युरोपीय कंपन्यांस कबूल करावे लागले. धुळीतील पावलांच्या मागाचा न्याय अशा रीतीने पाण्यावर लागू झाला. बहामा बेटांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एव्हरीनंतर पुष्कळ वर्षे चाच्यांचे माहेरघर म्हणून ओळखली गेलेली ही बेटे आज मुख्यतः परदेशी प्रवाशांच्या पैशावर जगतात. एके काळी ज्यांनी लुटीच्या मालास आसरा दिला, त्यांनाच आता आपल्या किनाऱ्यावर पाहुण्याचे पाकीट गेल्यास आपल्या नावास बट्टा लागेल ही चिंता वाहावी लागते. तेथे माणसांचा स्वभाव पालटला असे नाही. चोरीची झळ कोणास लागते हे पालटले.

याच सुमारास कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर दस्तकाची पद्धत चालवीत होते. दस्तक घेणाऱ्या गलबतास अभय, न घेणारे जप्त. पोर्तुगीज दोन शतके हेच आपल्या परवान्यांनी करीत आले होते. तरी इंग्रजांनी आंग्र्यांस चाचे म्हटले व पोर्तुगिजांस म्हटले नाही. चाचा कोण व रखवालदार कोण, हे पुष्कळदा इतिहास कोणाच्या दप्तरातून लिहिला जातो यावर ठरते. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने कसोटी सोपी आहे. ज्याने पैसे घेतले त्याने माल गेल्यावर जबाबदारी पत्करली, तर तो रखवालदार. पैसे घेऊन हात वर केले, तर तो लुटारूच.

कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर ही कसोटी खुद्द सरकारला लागू करण्याची वेळ आली, आणि तीत ते उतरले असे म्हणवत नाही. किल्ल्यांची व गावांची राखण करणाऱ्या रामोशांचे जुने हक्क १८१८ नंतर बुडाले. त्यांच्या जागी पगारी शिपाई आले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटा राखल्या ते अन्नास मोताद झाले. पुरंदरच्या परिसरातील उमाजी नाईकाचे बंड हे या अन्यायाचे अपत्य होय. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजीस फाशी देण्यात आले. पुढे १८७१ मध्ये सरकारने एक कायदा करून काही जातीजमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तो कलंक रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. राखणदाराचे वेतन काढून घ्यावयाचे आणि मग त्यास चोर म्हणावयाचे, या धोरणाने वाटा निर्धोक होण्याऐवजी हजारो निरपराध कुटुंबे मात्र हजेरीच्या चौकीशी बांधली गेली.

ठगांचे प्रकरणही याच काळातले. स्लीमनने १८३० नंतर जी मोहीम चालविली व १८३६ मध्ये जो खास कायदा झाला, त्यांच्या वर्णनांत अतिशयोक्ती किती याविषयी आजच्या इतिहासकारांत एकमत नाही. पण त्यातील एक गोष्ट आपल्या विषयास फार जवळची आहे. ठग वाटसरूशी गोड बोलून त्याची सोबत करीत, त्यास मारीत व प्रेत पुरून टाकीत. घरची माणसे शेकडो कोस दूर. तो कोणत्या गावाच्या शिवेत नाहीसा झाला हे त्यांस कळणार कसे? फिर्याद नाही म्हणून माग नाही, आणि माग नाही म्हणून कोणत्याच गावाची जोखीम नाही. ठगांनी प्रवाशाची सोबत करण्याची जुनी रीतच हत्यारासारखी वापरली आणि शिवेच्या जुन्या न्यायातील सर्वांत मोठे छिद्र नेमके हेरले.

राज्यच कोसळते तेव्हा तर हा न्याय कोठेच उरत नाही. त्याची साक्ष कोकणातल्याच एका प्रवाशाने लिहून ठेवली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ मध्ये चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये शहर पडल्यावर गोऱ्या फौजेने चालविलेली लूट व कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्य हातचे गेले. पुढेही लुटीचे प्रसंग चुकले नाहीत. शेवटी ते परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईबापांस स्नान घातले. लुटारूंना ज्याचे मोल नव्हते तेवढेच धन घरी पोहोचले. त्यांचा ‘माझा प्रवास’ भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या नुकसानीची भरपाई मागावयास मात्र जागाच नव्हती, कारण शहराचा जो नवा धनी झाला, त्याच्याच शिपायांनी ते लुटले होते.

त्यानंतर बंदोबस्ताचे नवे युग आले. १८६७ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने गावच्या पोलीस पाटलाची कामे ठरविली. ते पद महाराष्ट्रात आजही आहे. मुंबईहून आगबोटी दाभोळास येऊ लागल्या. पुढे मोटारी आल्या आणि अखेरीस रेल्वे आली. वाटमारी जवळजवळ संपली, हा या युगाचा खरा आणि मोठा लाभ होय. त्याबरोबरच एक फरक न बोलता घडून आला. चोर पकडणे हे सरकारचे काम ठरले, पण गेलेला माल भरून देणे हे कोणाचेच काम राहिले नाही. पोलीस पाटील खबर देतो. तो किंवा त्याचे गाव भरपाई देत नाही.

रेल्वेच्या बाबतीत हा फरक कायद्याच्या शब्दांतच दिसतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे, पावती घेऊन ताब्यात दिलेल्या सामानाची गोष्ट निराळी. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाबद्दल मात्र रेल्वेच्या नोकरांची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच रेल्वे जबाबदार. एका प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये गाडीत चोरीस गेले. ग्राहक मंचांनी त्यास भरपाई देवविली होती. पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय फिरविले. ज्यास स्वतःची चीजवस्तू राखता येत नाही त्याच्या हानीचा दोष रेल्वेवर नाही, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या काळी माग शिवेबाहेर गेला हे गावाने दाखवावयाचे असे. आता रेल्वेची चूक झाली हे प्रवाशाने दाखवावयाचे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, आणि तो खांदा बहुधा झोपलेल्या माणसाचा असतो.

या बदलास कारण आहे हेही नाकारता येत नाही. गाव आपल्या शिवेत आलेला अनोळखी माणूस ओळखू शके. रात्री वेगाने धावणाऱ्या गाडीत शेजारी कोण येऊन बसला हे कोणी ओळखावे? सर्व भरपाई रेल्वेवर टाकली तर खोट्या फिर्यादींचा पूर येईल व तो खर्च शेवटी तिकिटांवरच चढेल. तरीही जुन्या नियमाचा अर्धा भाग वाचविण्याजोगा होता, आणि तो आता थोडाबहुत परत येत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. पनवेल व चिपळूण यांच्या दरम्यान रात्रीच्या अंधारात ज्याची पिशवी गेली आणि जो पहाटे सावर्ड्यास उतरला, त्यास प्रकार आमच्या हद्दीतला नाही असे सांगून वाटेस लावण्याची सोय आता कायद्याने ठेवलेली नाही. ठगांनी ज्या छिद्राचा फायदा घेतला, ते छिद्र निदान कागदावर तरी बुजले.

परंतु फिर्याद नोंदविणे ही मागाची केवळ पहिली पायरी होय. जुना जागला माग पुढच्या गावाच्या हाती देई, तेव्हा तो घेणाऱ्या गावास ठाऊक असे की, आता हरवला तर भुर्दंड आपला. आज एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे जाणाऱ्या कागदाच्या मागे अशी कोणती भीती उभी आहे? कोकणात प्रवासी वाढत आहेत. किनाऱ्यावरच्या गावांत त्यांच्यासाठी घरे, खाणावळी व वाहने सज्ज होत आहेत, आणि प्रत्येक जण त्यांच्याकडून काही ना काही घेत आहे. सावध राहा अशी पाटी लावणे सोपे आहे. पाहुण्याचे गेले तर त्यात आपलेही काही जाईल, अशी व्यवस्था करणे अवघड आहे. याज्ञवल्क्यांपासून एल्फिन्स्टनने पाहिलेल्या पाटलापर्यंत सर्वांना ही दुसरी गोष्टच खरी राखण वाटत होती. आणि ती राखण करणाऱ्याचे वेतन बुडाले तेव्हा काय घडते, हे उमाजी नाईकाच्या चरित्राने दाखवून दिले आहे. यापुढे जे कोणी कोकणच्या वाटा राखावयास नेमले जातील, त्यांच्या हाती काठीबरोबर पुरते वेतन आणि नेमकी जोखीम, ही दोन्ही एकाच वेळी दिली गेली पाहिजेत.